तबकडीवरचे नाव

जुने मनगटी घड्याळ हाती आले की बहुतेक माणसे तबकडीवरचे नाव वाचतात आणि तेथेच थांबतात. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. पोथ्या-बाडांशी थोडीफार झटापट केलेली असल्याने आम्हाला या थांबण्याचे नेहमीच नवल वाटत आले आहे. पोथीच्या अखेरीस लिहिलेले कर्त्याचे नाव हा एक पुरावा असतो, निकाल नव्हे. अक्षराचे वळण, शाई, समासातली भर हे सारे पाहिल्यावाचून त्या नावावर कोण विसंबतो? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही मागाहून शिरलेले पाठ दूर करण्याच्या निकडीपोटीच.

अतिसपाट घड्याळांच्या बाबतीत तर हे फारच खरे. अशा घड्याळाचा सारा मोठेपणा झाकणाआड असतो. चाव्या देऊन चालवायच्या साध्या घड्याळाचे यंत्र (दुरुस्ती करणारे त्याला सरळ 'मशीन' म्हणतात) चार-पाच मिलिमीटर जाडीचे असले तरी कोणी तक्रार करीत नाही. पियाजेने १९५७ मध्ये ते दोन मिलिमीटरांवर आणले. त्या यंत्राचे नाव ९पी. वाशरों काँस्तांताँचे १९५५चे १००३ हे यंत्र तर अवघे १.६४ मिलिमीटर. एवढ्या जागेत चक्रे, कमान आणि संतुलनचक्र बसवायचे म्हणजे प्रत्येक पट्टी कागदासारखी तासायची. ती जराशी वाकली की चक्रे अडतात. १९७६ मध्ये जाँ लासालच्या १२०० या यंत्राने १.२ मिलिमीटरचा पल्ला गाठला. त्यासाठी चक्रांना वरून धरणाऱ्या पट्ट्याच काढून टाकल्या होत्या. पण ते इतके नाजूक ठरले की दुरुस्तीऐवजी यंत्रच बदलून देण्याची पाळी येई. सपाटपणाचा हव्यास कोठे थांबवावा याचे भान कारागिरालाही सुटते, एवढेच यावरून म्हणता येईल.

यंत्र आणि नाव यांचे नाते किती सैल असू शकते, याचा उत्तम दाखला जेजर-लकुल्त्रच्या ९२० या यंत्राचा आहे. १९६७ मधले हे स्वतःहून चावी घेणारे यंत्र २.४५ मिलिमीटर जाडीचे. त्यातला फिरता लोलक एका कड्यावर आधारलेला असून ते कडे माणकांच्या चार रुळांवरून सरकते. ऑदमार पिगेने त्याला २१२० म्हटले, वाशरोंने ११२०, पातेक फिलिपने २८-२५५. १९७२चे रॉयल ओक आणि १९७६चे नॉटिलस या दोन्ही गाजलेल्या घड्याळांत त्याच्याच तारीख दाखवणाऱ्या आवृत्त्या धडधडत होत्या. ज्यांनी ते घडवले त्या जेजर-लकुल्त्रच्या स्वतःच्या घड्याळात मात्र ते कधी बसले नाही. एकच संहिता, तीन मुद्रा, आणि कर्ता मुखपृष्ठावर नाही!

आता आमच्या किनाऱ्याकडे वळतो. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे होऊ लागली. (ती कंपनीही २०१६ मध्ये बंद करण्याचे ठरले.) पण आधीच देशात असलेल्या स्विस घड्याळांना सुटे भाग कोठून मिळणार? मुंबईच्या कारागिरांनी एका घड्याळाचे अवयव दुसऱ्याला जोडून, काळवंडलेल्या तबकड्या पुन्हा रंगवून ती चालती ठेवली. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना कुचेष्टेने 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्या कुचेष्टेत तथ्य आहे, पण दमट खाऱ्या हवेचा अनुभव नाही. सपाट घड्याळाचे झाकण दाबून बसवलेले असते, पाणी अडवण्याची सोय जवळजवळ नसते. मालवण-आचऱ्याकडचे चार पावसाळे त्याच्या तबकडीला पुरे होतात.

आमच्या एका विद्यार्थिनीने असेच एक घड्याळ आमच्यापुढे ठेवले. तिचे आजोबा मुंबईत एका पेढीवर तीस वर्षे शिपाई होते. निवृत्तीच्या वेळी शेटजींनी ते दिले अशी घरातली कथा. तबकडीवर 'पियाजे'. एम.ए.साठी मुंबईला राहण्याचा खर्च त्यातून निघेल, असा तिच्या वडिलांचा हिशेब होता. आणि तो खोटा ठरला, तर शेटजींनी तीस वर्षांच्या चाकरीवर नकली घड्याळाची बोळवण केली असे ठरणार होते. पैशापेक्षा हेच त्या घराला अधिक लागले असते, असे आम्हाला दिसत होते.

बाजारपेठेतल्या घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले. पहिली शंका काट्याने दिली: तासकाटा तबकडीला किंचित घासत होता. रंगाचा थर जाड झाला की सपाट घड्याळात एवढीही जागा उरत नाही. झाकणाच्या आत स्विस अठरा कॅरटची खूण असलेला हेल्वेशियाचा मुखवटा नव्हता, मुलामा होता. पियाजेने १९५७ नंतर आपली घड्याळे सोने-प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंतच करायचे ठरवले होते. तेव्हा मुलाम्याचे पियाजे हीच विसंगती. यंत्रावर मात्र सारे स्वच्छ होते. कमानीचे दोन डबे शेजारी-शेजारी, आणि क्रमांक २५१. फेवर-ल्युबाचे 'ट्विन पॉवर'. कमानीचा जोर दोन डब्यांत वाटल्यामुळे ते तीन मिलिमीटरच्या किंचित आतच राहते. एकोणिसाव्या शतकातच मुंबईत पेढी थाटलेल्या घराण्याचे हे अस्सल, अभिमानाने मिरवावे असे घड्याळ. झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने ओरखडलेल्या दुरुस्तीच्या तीन तारखा होत्या, दोन वेगळ्या हातांच्या.

मग नाव कोणी बदलले? शेटजींनी, की मागाहून कोणी? यंत्र याचे उत्तर देईना. ते आजीकडून मिळाले, तेही न विचारता. "तबकडी काळी पडली होती, म्हणान मुंबयक धाडून रंगवून घेतली. रंगवणारो इचारी, नाव खयचा घालू? ह्यांनी सांगल्यानी, मोठ्यातला मोठा घाल." आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

म्हणजे प्रक्षेप खुद्द मालकाचा. शेटजी सुटले. आजोबांना मात्र काय म्हणावे, यावर आम्हा दोघांचेच एकमत होईना. एकाच्या मते गावात मिरवण्याची ती साधी हौस होती. दुसऱ्याच्या मते तीस वर्षे दुसऱ्याच्या पेढीची पाटी पाहिलेल्या माणसाला एकदा तरी नाव स्वतः ठरवायचे होते.

मुंबईच्या व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत दोन महिन्यांच्या खोलीभाड्याइतकीही नव्हती. तबकडी खरवडून मूळ नाव घातले तर थोडे अधिक मिळेल, असे तो म्हणाला. मुलीने नकार दिला. शुल्क त्या वर्षीच्या काजूच्या पैशांतून भरले गेले. घड्याळाच्या डबीत तिने एक चिठ्ठी ठेवली आहे, आमच्याच वर्गात शिकलेल्या पद्धतीने लिहिलेली: यंत्र फेवर-ल्युबा २५१, मूळचे, तबकडी नंतरची, आजोबांच्या सांगण्यावरून, साक्ष आजीची.