बोरीची फांदी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आठवली की अजून कानशिलं तापतात.

गावच्या वाचनालयात ‘माझं आवडतं पुस्तक’ असा कार्यक्रम होता. मी ‘बनगरवाडी’वर बोलले. दुसरं काही निवडायचा प्रश्नच नव्हता. डी.एड. करताना ते पहिल्यांदा वाचलं. १९८४ साली दुष्काळी भागातल्या एका वाडीवर पहिली नेमणूक मिळाली, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली तेच होतं. पुढे नोकरीत किती नव्या शिक्षकांना वाचायला दिलं, याची गणती नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या माडगुळ्याचे, पुस्तक १९५५ सालचं, अमोल पालेकरांनी त्यावर सिनेमा केला, हे सगळं भराभर सांगून मी माझ्या जिवाभावाच्या प्रसंगावर आले.

मास्तर वाडी सोडून निघालाय. दुष्काळानं वाडी ओस पडलेली. वाटेवर एक म्हातारा धनगर उभा, खांद्यावर घोंगडं. म्हातारा बोलत काहीच नाही. वाटेत आडवी पडलेली बोरीची फांदी तेवढी काठीनं बाजूला सारतो आणि मास्तरला जायला जागा करून देतो. निरोप म्हणावा तर तेवढाच. माडगूळकर तुम्हाला एवढे का आवडतात, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं: त्या फांदीसाठी.

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून एक मुलगा उठला, विशी-बाविशीचा. म्हणाला, “बाई, मी मागच्याच महिन्यात वाचलंय. हा प्रसंग पुस्तकात नाही.”

“नीट वाचलं नसशील.”

“दोनदा वाचलंय, बाई.”

वर्गात कधी पोराचं तोंड बंद केलं नाही, याचा मला अभिमान होता. त्या दिवशी मात्र सगळ्यांदेखत मी म्हणाले, तुम्हाला पानं उलटायची सवय, वाचायची नाही. मुलगा खाली बसला. कुणीतरी हसलं. मला ते हसणं तेव्हा बरं वाटलं.

घरी आले ती चप्पल काढून सरळ कपाटाशी गेले. शेवटची पानं काढली. नाही. त्याच्या मागची दहा-बारा पानं पाहिली. नाही. मग पहिल्या पानापासून ओळींवर बोट ठेवून वाचायला बसले. रात्री दीडला संपलं. पहाटेच्या अंधारात मास्तरची पायपीट होती. शेकूची बायको बैलाच्या जोडीला औताला स्वतःचा खांदा देते, ती होती. आनंदा रामोशी होता, वाडीनं मिळून बांधलेली तालीम होती. फांदी नव्हती. प्रत जुनी, एखादं पान गळालं असेल म्हणून पृष्ठांक मोजले. सगळे जागेवर. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून नवी प्रत आणून दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. वाटेतली फांदी नाही, काठी घेऊन उभा असलेला म्हातारा नाही. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

ह्यांचं म्हणणं, “तुझ्या वाडीवरचाच कुणी असेल.” असेलही. बदली झाली तेव्हा चार-पाच माणसं मला फाट्यापर्यंत पोचवायला आली होती आणि वाट बोरी-बाभळींचीच होती. पण कुणी फांदी सारल्याचं मला आठवत नाही. एस.टी.च्या टपावर चढवताना ट्रंकेची कडी तुटली, एवढंच आठवतं.

मग फांदी आली कुठून? मला वाटतं, माडगूळकरांनीच तिला जागा ठेवली. ते फार थोडं सांगतात. माणूस दिसतो कसा, उभा राहतो कसा, एवढं लिहितात आणि पुढे जातात. हळहळ करायचं काम आपल्यावर सोडतात. सतराव्या वर्षी मी ‘मृत्युंजय’ दोन रात्रींत वाचून काढलं होतं आणि उशी ओली केली होती. परवा पुन्हा घेतलं तर पन्नास पानांपुढे जाईना. कर्णाचं सगळं दुःख तिथे बोलून झालेलं, मी आणखी काय घालणार? पण हेही पुरतं खरं नाही. माझी धाकटी बहीण साठीला आली, ती अजून दरवर्षी ‘मृत्युंजय’ वाचते आणि दरवर्षी रडते.

या सगळ्यात एक जुनी वही आठवली. ‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंध मी दरवर्षी द्यायचे. लेखकाची भाषा ओघवती आहे, हे पुस्तक सर्वांनी वाचावे, अशी पानंच्या पानं तपासली. एका पाचवीतल्या मुलीनं लिहिलं होतं की ‘श्यामची आई’तली आई तिच्या आजीसारखी भाकरी थापताना ओव्या म्हणते, म्हणून ते पुस्तक तिला आवडतं. मी समासात लाल शाईनं लिहिलं, ‘हे पुस्तकात कुठे आहे?’ आणि दोन गुण कापले. पोरीनं वही उघडून पाहिली, मिटली, दप्तरात टाकली. तिला जवळ बोलावून आजीबद्दल विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आज शाळेत शिकवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, त्या निबंधाला गुणच देऊ नका. नुसता वाचा.

त्या मुलाची माफी मागायला वाचनालयात तीनदा जाऊन आले. भेटला नाही. कपाटं सांभाळणारे म्हणाले, पुण्याला गेला कामाला. फोन नंबर घेता आला असता. घेतला नाही.

गेल्या आठवड्यात शेजारची मुलगी पेढे घेऊन आली. शिक्षणसेवक म्हणून निवड झालीय, शाळा लांबच्या वाडीवर. मी कपाटातून माझी प्रत काढली, तिच्या हातात दिली आणि काही ठरवायच्या आत त्या म्हाताऱ्याची, काठीची, वाटेतल्या फांदीची गोष्ट सांगून टाकली. ती डोळे मोठे करून ऐकत होती. हे पुस्तकात नाही, असं सांगायला तोंड उघडलं होतं.

“बाई, कुठल्या पानावर आहे हे?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “शेवटी शेवटी.”