दूध तर शाळेतच होतं

‘घसरगुंडीवरून पडली, दात पडलाय. घाबरू नका, दुधाचाच असेल,’ शाळेतून फोन आला. लेक तेव्हा आठ वर्षांची. वरचे पुढचे दोन्ही दात नुकतेच आलेले, कायमचे. नव्या दाताच्या कडेला असतात ते करवतीसारखे बारीक दाते अजून झिजलेही नव्हते.

मी पोचले तेव्हा दात टिश्यूपेपरात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला होता. त्याआधी नळाखाली चांगला घासून धुतला होता. अगदी मुळासकट निघालेला, स्वच्छ आणि कोरडाठाक. दवाखाना गाठेपर्यंत दीड तास उलटला.

दंतवैद्य हळहळले. दाताच्या मुळावर एक पातळ आवरण असतं, तेच दाताला हाडाशी धरून ठेवतं. दात कोरडा राहिला तर त्यातल्या पेशी तासाभरात मरतात. इथे तर ते आवरण घासूनच काढलेलं. ‘दुधात टाकून आणला असता तरी बरंच वाचलं असतं,’ ते म्हणाले.

दूध! स्टाफरूममध्ये चहासाठी पातेलंभर दूध होतं. हे अजूनही माझ्या मनातून जात नाही. तसं शाळेतल्या बाईंना काय बोलणार? लेकीला मांडीवर घेऊन त्या रिक्षातून आमच्याबरोबर आल्या, साडी रक्ताने माखली होती. त्यांच्यावर माझा राग नाही. पण शाळेचा ग्रुप फोटो हातात आला की राग येतोच, बाईंचासुद्धा. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस असतो, मलम असतं, दाताबद्दल एक ओळ का नसावी?

दात परत बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. पुढे रूट कॅनाल झालं. पण आवरण मेलं की मूळ हाडाला चिकटतं आणि हळूहळू झिजत जातं. जबडा वाढतो, शेजारचे दात खाली येतात, हा मात्र तिथेच. आखूड दिसतो म्हणून डॉक्टर कंपोझिट लावून लांबी जुळवतात. तो फार वर्षं टिकणार नाही, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही. लेक ओठ मिटून हसते.

त्या पेटीत हवं होतं ते एवढंच: दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नका, आतल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते. कायमचा असेल तर मुळाला हात लावू नका, पांढऱ्या भागाला धरा. माती लागली असेल तर पाण्याखाली क्षणभर धरा, घासू नका. लगेच खाचेत बसवा आणि रुमाल चावायला द्या. तेवढं धाडस होत नसेल तर दुधात टाका आणि तडक दंतवैद्याकडे निघा.