मनगटावरचा एक आकडा

उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावलेली काळी नदी सह्याद्रीच्या दाट रानातून उतरत कारवारला समुद्राला मिळते. या रानात ऊन सलग पडत नाही. शेंड्यांतून ते तुकड्यातुकड्यांनी झिरपतं, पावलागणिक उजेड आणि सावली बदलते. पावसाळ्यात धुकं, चिखल आणि दिवसचे दिवस न थांबणारी धार. रामनगर किंवा जगलबेटच्या वाटेवर पहाटे धावणाऱ्याने घड्याळ बघायला मनगट वर केलं, तरी नजर लगेच मुळांवर आणि दगडांवर परतायला हवी. त्या क्षणात वाचता येईल तेवढंच त्याच्या कामाचं.

धावणं या मातीला नवं नाही. १९८७ साली भारतीय खेळ प्राधिकरणाने उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या मुलामुलींना निवडून धावपटू म्हणून घडवायला घेतलं. काही वर्षांत ती योजना बंद पडली. त्या काळी प्रशिक्षकाच्या हातात स्टॉपवॉच असे आणि नाडी मनगटावर बोटं टेकवून मोजली जाई. एका वेळी एकच आकडा.

आज मनगटावर नाडी, वेग, अंतर, चढ, पावलं, झोप असं सगळंच येतं. जागा मात्र तेवढीच. २०१३च्या पेबल घड्याळाचा पडदा होता १४४ बाय १६८ ठिपक्यांचा. त्याच वर्षी आलेल्या फिटबिट फ्लेक्सने आकडेच गाळले. त्यावर पाच दिवे होते आणि एकेक दिवा म्हणजे ठरवलेल्या लक्ष्याचा पाचवा हिस्सा. २०१५ साली ॲपलने दिवसभराची हालचाल तीन वर्तुळांत मांडली. वर्तुळ किती भरलं, हे आकडा न वाचताही समजतं. या दोन्ही मांडणींमागे मोठा त्याग आहे. काय दाखवायचं नाही, हे कुणीतरी आधी ठरवलं.

देवनागरीत हे काम आणखी अवघड होतं. ‘हृदयगती’ लिहायची तर शिरोरेषेच्या वर वेलांटी चढते आणि खाली ऋकार लोंबतो, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. बारीक ठिपक्यांत ती अक्षरं गुदमरतात. आकड्यांना मात्रा नसतात, पण १ आणि ९ लहान पडद्यावर फसवे होतात. ११९ आणि १९१ यांत धावणाऱ्याला फार मोठा फरक आहे. म्हणून या दोन आकड्यांची वळणं मुद्दाम वेगळी काढावी लागतात. प्रत्येक आकड्याची रुंदीही सारखी ठेवावी लागते, नाहीतर नाडी बदलताना ओळ थरथरते.

उजेडाचा प्रश्न वेगळाच. स्वतः उजळणारा ओलेड पडदा पहाटेच्या काळोखात स्वच्छ दिसतो, पण भर उन्हात तो वाचायचा तर बॅटरी खर्चून त्याची चमक वाढवावी लागते. बाहेरचाच प्रकाश परतवणारे पडदे उन्हात खुलतात, मात्र गर्द सावलीत त्यांना मागून दिवा लागतो. पावसात ओल्या काचेवरचे थेंब स्पर्श समजले जातात, तिथे बाजूचं साधं बटणच खरं. नाडीचे टप्पे फक्त लाल-हिरव्या रंगांनी दाखवले, तर ते रंग वेगळे न ओळखणाऱ्यांना काहीच कळत नाही.

ठळक आकडा खरा वाटतो, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात, हालचाल चालू असताना अशा उपकरणांची नाडी मोजण्यातली चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळली. ज्या क्षणी धावणारा मनगटाकडे बघतो, त्याच क्षणी आकडा सर्वांत डळमळीत असतो. मोजमापाचा भरवसा नसेल तेव्हा आकडा फिका करावा, किंवा तिथे नुसती रेघ दाखवावी. शंका लपवणारा पडदा कितीही सुवाच्य असला तरी तो स्पष्ट नव्हे.

घड्याळं घडवणाऱ्यांनी एकदा जोयड्याच्या चढावर, आषाढातल्या पावसात, मराठी अक्षरं लावून आपला पडदा वाचून पाहावा. धावताना एकच मोठा आकडा द्यावा आणि बाकीचा हिशेब माणूस घरी पोचून बसल्यावर मांडावा.