भिंतीचा पोकळ आवाज

गेल्या दिवाळीआधी आमच्या स्वयंपाकघरात नवीन टाइल्स बसवायचं ठरलं. घर जुनं. ओट्यामागच्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा चिकट थर आणि त्याखाली हिरवा ऑइल पेंट. मला मात्र चार दिवसांत काम उरकायचं होतं.

मी मिस्त्रींना म्हणालो, "भिंत तर सरळ आहे. यावरच टाइल्स लावून टाका ना!"

ते काहीच बोलले नाहीत. हातोडीने भिंत हळूहळू ठोकत गेले. बहुतेक ठिकाणी 'ठक ठक' असा भरीव आवाज आला. सिंकच्या वर मात्र 'भद भद' वाजलं. तिथे त्यांनी खडूने गोल काढला.

"सर, इथला गिलावा विटेपासून सुटलाय. यावर टाइल लावली, तर एक दिवस गिलाव्यासकट खाली येईल. आणि खाली वहिनी उभ्या असतील."

मी गप्प झालो.

मग खरं काम सुरू झालं. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा काढला. रंग खरवडला. चांगल्या गिलाव्यावर छिन्नीने जवळजवळ खाचा पाडल्या, कारण गुळगुळीत रंगावर सिमेंट धरत नाही. पोकळ भाग विटेपर्यंत काढला, तेव्हा आत पाइपचा जोड झिरपताना दिसला. आधी तो बदलला आणि भिंत सुकू दिली. नंतर धूळ झाडून विटा भिजवल्या, ओळंबा लावला आणि 1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू असा गिलावा केला. तो मुद्दाम खरखरीत ठेवला. त्यावर सात दिवस पाणी मारलं. दिवाळीचा फराळ बाहेरच्या खोलीत शेगडीवर झाला!

त्याच दिवसांत मी सातवीला अपूर्णांक शिकवत होतो. एका मुलाच्या वहीत सगळी उत्तरं बरोबर होती. सहज विचारलं, "आठ सक किती रे?" त्याने मान खाली घातली. वहीतली उत्तरं फळ्यावरून उतरवलेली होती. मला तो 'भद भद' आवाज आठवला. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत मीही पोकळ भिंतीवर टाइल्स लावत होतो. चूक त्याची कमी, माझीच जास्त होती.

तेव्हापासून आम्ही रोज दहा मिनिटं पाढ्यांना देतो. अजून त्याला सगळं जमत नाही. पण चुकलं तर कुठे चुकलं, हे आता तो स्वतः सांगतो.

मित्रांनो, परीक्षेआधी तुम्हीही स्वतःचा अभ्यास असा ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर लाजू नका, लपवू तर अजिबात नका. तिथे खडूने गोल काढा आणि तिथूनच सुरुवात करा. टाइल्सच्या मागची भिंत कुणाला दिसत नाही, पण टाइल्सना तीच धरून ठेवते.