आमच्या काचपेटीतील गुरामी

मासा म्हटला की आपल्या धाराशिवकडील मुलांच्या डोळ्यांपुढे नदी येत नाही, बाजार येतो. आणि यात त्यांचा दोष नाही. ज्या मुलखात उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो, तेथे पोहणारा मासा न्याहाळण्याची संधी कितीशी मिळणार? म्हणून एका स्नेह्यांनी सोलापूरहून चार निळे गुरामी आणून शाळेच्या काचपेटीस भेट दिले, तेव्हा विज्ञानाच्या तासाला मुले घंटेपूर्वीच जमू लागली.

दुकानदाराने ‘दोन नर, दोन माद्या’ असे सांगून ते दिले होते. पंधरवड्यातच एक मासा दगडाआड दडून राहू लागला. त्याचे पर फाटले होते. दाणे टाकले तरी तो वर येईना. सातवीतील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, तो मरेल हो! मारकुट्याला बाहेर काढा ना.” विनंती रास्त होती, परंतु मारकुटा कोणता, हे आधी ठरावयास हवे होते.

निळ्या गुरामीचे नर-मादी रंगावरून ओळखू जाल तर फसाल. पाठीवरचा पर पाहावा. नराचा हा पर लांब व टोकदार असून मागे शेपटीच्या मुळापर्यंत जातो. मादीचा आखूड व गोलसर असतो, आणि वाढलेल्या मादीचे पोट भरदार दिसते. पिले लहान असताना मात्र काहीच सांगता येत नाही. याच्याच घराण्यातील बुटक्या गुरामीचे काम सोपे. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील हा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली आपल्या ग्रंथात वर्णिला. त्याचा नर तांबड्या-निळ्या पट्ट्यांनी नटलेला, तर मादी साधी रुपेरी असते.

मुलांनी चार दिवस वह्या घेऊन पाहणी केली. निकाल असा : नर तीन, मादी एकच, आणि दडून बसलेली तीच!

आता हे नर इतके का भांडतात? आपल्याकडील मरळ माशाप्रमाणे गुरामीही पाण्यावर तोंड काढून हवा घेतो. कल्ल्यांच्या वर त्याला त्यासाठी घड्यांचे एक निराळे इंद्रिय असते. (वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तरी तो तग धरतो, हा आम्हांस मोठाच दिलासा.) नर तोंडातून हवेचे बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागी घरटे बांधतो, अंडी त्यात ठेवतो आणि एकटाच राखण करतो. पेटीचा तो कोपरा मग त्याचे राज्य होते. दुसरा नर तेथे शत्रू. आणि अंडी घालण्यास तयार नसलेली, किंवा घालून झालेली मादीसुद्धा शत्रूच. तळ्यात ती दूर पळते. काचेच्या चार भिंतींत पळणार कोठे? लहान पेटीत मादी अशी मारलीही जाते. तेव्हा नराला ‘दुष्ट’ म्हणणाऱ्या मुलांशी आम्ही सहमत झालो नाही.

दोन नर काढावयाचे ठरले. ते नळदुर्गाजवळ बोरी नदीत सोडावे, अशी एकाने सूचना केली. ती आम्ही साफ नाकारली. कारण हा मासा आग्नेय आशियातला, आणि परक्या माशाने आमच्या नदीत काय करावे हे कोणी सांगावे? एक नर एका पालकांच्या घरच्या पेटीत गेला. दुसरा प्रयोगशाळेत एकटा राहिला.

मग एका नरास तीन माद्या असाव्या म्हणून आणखी दोन आणल्या. खरेदीस गेलेल्या मुलांनी दुकानात बोट दाखवून सांगितले, “हा नको काका, याचा पर टोकदार आहे.” नव्या माद्या सोडण्यापूर्वी दगडांची मांडणी बदलली, म्हणजे जुन्या मालकाच्या हद्दी मोडतात. पाणवनस्पती दाट लावल्या, की एकाची दृष्टी दुसऱ्यावर सतत पडू नये. दाणेही दोन टोकांना टाकू लागलो. पाठलाग अजून होतो, पण एकीच्याच वाट्याला सगळा येत नाही. जुन्या मादीचे पर तीन आठवड्यांत बरेच भरून आले.

प्रयोगशाळेतील एकटा नर मात्र काचेतील स्वतःच्याच प्रतिबिंबावर पर ताठ करून धावून जाई. शेवटी मुलांनी त्या बाजूस बाहेरून खाकी कागद चिकटविला.