एका अक्षराचा मान

1982 सालच्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली आणि माझी शाळा सुटली. पुन्हा वही-पुस्तकाकडे वळलो तो चाळिशी ओलांडल्यावर. परीक्षेसाठी मी रात्रीच्या वर्गात नाव घातले. इंग्रजी शिकविणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्या मला 'काका' म्हणत.

एके दिवशी त्यांनी घरातील एका व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहावयास सांगितली. मी पहिलेच वाक्य लिहिले : 'माय फादर गेट अप अ‍ॅट फाइव्ह.' बाईंनी 'गेट'पुढे तांबड्या शाईने 'एस' लिहिला. म्हणाल्या, "काका, वडील एकच ना? कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला, की साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' लागतो. नामाचा 'एस' अनेकवचन दाखवितो, क्रियापदाचा एकवचन. 'द बॉय रन्स', पण 'द बॉइज रन'."

नियम समजला, मन मात्र मानेना. मुलगा 'उठतो', पण वडील 'उठतात'. त्या एका अक्षराने मी वडिलांना अरेतुरे करीत आहे, असे वाटले. मी शंका बोलून दाखविली. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत.

त्यांनी फळ्यावर 'यू आर' लिहिले आणि विचारले, "एकट्या लहान मुलाशी बोलतानाही येथे 'आर'च का?" मग त्यांनीच सांगितले, की जुन्या इंग्रजीत एका माणसाला 'दाऊ' म्हणत, 'यू' हा अनेकांसाठी होता. पुढे मान देण्यासाठी एकालाही 'यू' म्हणू लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीस 'दाऊ' प्रमाण भाषेच्या रोजच्या व्यवहारातून जवळजवळ गेला. आदराचे अनेकवचन तेथेही होते. ते द्वितीय पुरुषापुरतेच राहिले, एवढेच.

त्या रात्री मी वडिलांना 'एस'सह वाक्य वाचून दाखविले व अर्थही सांगितला. ते म्हणाले, "पाचला नव्हे रे, मी चारला उठतो."

तेव्हापासून इंग्रजीचे परकेपण ओसरले. 'द लिस्ट ऑफ बुक्स' यापुढे 'इज' की 'आर', असा प्रश्न पडला, की मी मनात म्हणतो : 'पुस्तकांची यादी तयार आहे.' येथे 'आहेत' म्हणायला जीभ वळतच नाही. 'बुक्स' क्रियापदाच्या जवळ असले, तरी कर्ता 'लिस्ट' आहे, हे आपली मराठीच सांगते.

पुढच्या वर्षी वडील गेले. परीक्षेत कुटुंबावर उतारा लिहावयाचा होता. मी लिहिले : 'माय फादर वर्क्ड इन अ मिल.' भूतकाळात 'वर्क्ड' हे रूप एकासाठी आणि अनेकांसाठी सारखेच असते. येथे 'एस'चा प्रश्नच नव्हता. नियम मला पाठ होता. तरी त्या शब्दापाशी लेखणी क्षणभर थांबली.