हंडा, वही आणि आम्ही



स्मरणिकेसाठी पालकांनीही चार शब्द लिहावेत, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आम्ही उभयता संकोचलो. आमचे शिक्षण बेताचे आणि लेखणीचा सरावही नाही. परंतु लेक या शाळेत आल्यानंतर आम्हांलाही एक धडा मिळाला. तो आमच्यासारख्या इतर पालकांच्या कानी घालावा, म्हणून हे लिहीत आहोत.

लातूरहून अहमदपूर, लोहा करीत नांदेडला लेकीची पेटी घेऊन आम्ही पाचवीच्या प्रवेशाला आलो. वसतिगृहात पेटी ठेवली आणि आपले कर्तव्य संपले, असे मानले. शिकवावे गुरुजनांनी, पैसा जुळवावा आम्ही. ज्या गावाच्या नावाने गुणांचा ‘पॅटर्न’ प्रसिद्ध झाला, त्या गावी राहणाऱ्या आमची समजूत याहून निराळी कशी असणार? घरातही काही शिकता येते, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

२०१६ चा उन्हाळा आला. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश निघाला होता. लेक सातवीची परीक्षा आटोपून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी हंडा घेऊन आमच्यासोबत रांगेत उभी राहिली. आम्हांला ते बघवेना. “हंडा ठेव आणि पुस्तक घेऊन बस. याचसाठी का तुला नांदेडला ठेवले?” असे चारचौघांत तिला बोललो. ती निमूट आत गेली. त्या बोलण्याची खंत आजही आहे.

१२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर तोडून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. १० टाक्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी! गल्लीत हायसे वाटले. सायंकाळी लेकीने वहीत भागाकार मांडला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. ती म्हणाली, “बाबा, माणशी सव्वा लिटरच्या थोडे वर येते. म्हणजे तांब्याभर.” आम्ही गप्प झालो. रेल्वे आली हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. तिचे माप लेकीने काढले.

त्या रात्री आम्ही तिला प्रथमच खरा प्रश्न विचारला, “आपल्या घराला रोज किती पाणी लागते?” उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. घरचा हंडा आम्ही १५ लिटरचा धरीत आलो होतो. लेकीने लिटरच्या बाटलीने मोजला, तेव्हा तो १३ लिटरचा निघाला. २०० लिटरचे म्हणून पैसे मोजून घेतलेले पिंप हंड्याने उपसले, तर १४ हंडेही भरले नाहीत. पुढच्या खेपेस आम्ही पिंप काठोकाठ भरून मागितले. तिची वही त्या दिवशी घराच्या कामी आली आणि तिच्या चेहऱ्यावर जो उजेड दिसला, तो गुणपत्रिका हाती घेतानाही कधी दिसला नव्हता.

पण आमचा उत्साह अंमळ जास्तच झाला. दिसेल त्या वस्तूवरून आम्ही तिला गणिते घालू लागलो आणि दोन दिवसांत ती बोलेनाशी झाली. चूक उमगली. ज्याचे उत्तर आम्हांला आधीच ठाऊक आहे, तो प्रश्न मुलाला परीक्षा वाटतो. ज्याचे उत्तर घराला खरोखर हवे आहे, तो प्रश्न त्याला विश्वास वाटतो.

दोनच दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. परळच्या एका खोलीत रामजी सुभेदार लेकराला रात्री दोनला अभ्यासाला उठवीत, ही हकीकत आम्ही दरवर्षी ऐकत होतो आणि तिचा अर्थ ‘मुलाला लवकर उठवावे’ एवढाच घेत होतो. त्या वर्षी तिची दुसरी बाजू ध्यानात आली. दोनपर्यंत वडील स्वतः जागत आणि मग मुलाच्या जागी पाठ टेकीत. उठवणारा आधी स्वतः जागा होता.

पुढे रांगेत उभ्या लेकीने विचारले, “टँकर आधी कोणत्या गल्लीत जायचा, हे कोण ठरवते?” १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ती पुस्तकात शिकली होती, म्हणून हा प्रश्न तिला सुचला असावा. आम्हांला उत्तर देता आले नाही. या वेळी मात्र “गप्प बस” म्हटले नाही. तिला घेऊन विचारायला गेलो आणि टँकरच्या वाराची व वेळेची नोंद तिने वहीत करून घेतली.

पालक बंधूभगिनींनो, सुटीत घरी आलेल्या लेकराला पाहुणा करू नका आणि पुस्तकाला बांधूनही ठेवू नका. विजेचे बिल त्याच्याकडून वाचून घ्या. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी हाती पडली की वजन आणि कपात त्याच्यासह ताडून पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटेविषयी त्याला आजीला विचारू द्या. ते चुकले तर लगेच दुरुस्त करू नका. पुन्हा मोजायला सांगा आणि स्वतः शेजारी बसा.

त्या उन्हाळ्याची वही आम्ही जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर लेकीने लिहिले आहे : ‘आमचा हंडा, १३ लिटर.’